नागपूरच्या महालातून मनीष नगर, भर नवतप्यात शिफ्टिंग: पोरांना पाच स्टार, ऑफिसला शून्य

आधीच सांगते, लांब लिहिलंय. ज्यांना नुसते स्टार पाहिजेत त्यांच्यासाठी: अडीच. सामान बांधणाऱ्या-उचलणाऱ्या पोरांना पाच अन् कोटेशन देणाऱ्या ऑफिसला शून्य, त्याचं सरासरी जे निघालं ते. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव घेऊन वाईट लिहिलं की ऑफिसवाले त्या पोरांचीच हजेरी कापतात असं त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

आम्ही सोळा वर्षं महालात राहिलो, चिटणीस पार्कच्या मागच्या अंगाला, सासरच्या वाड्यात. आता मनीष नगरात टू बीएचके घेतला, रिसेलचा, तिसरा मजला. अक्षय तृतीयेला दूध उतू घालून पूजा करून घेतली, पण सामान हलवायला मे संपत आला. इकडं विदर्भात शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात त्यामुळं मुलीचं टेन्शन नव्हतं, पण तारीख नेमकी नवतप्यात पडली. २५ मेपासूनचे नऊ दिवस काय असतात ते नागपूरवाल्याला सांगायची गरज नाही. अख्खं गाव दुपारी दार लावून कूलरपुढं पडलेलं अन् आम्ही गोदरेजचं कपाट वाड्याच्या जिन्यातून उतरवून राहिलो होतो.

बुकिंग ऑनलाइन केलं. सर्व्हे व्हिडिओ कॉलवर. "मॅडम, जरा कॅमेरा फिरवा, पलंगाखाली काय आहे दाखवा, माळ्यावर काय आहे दाखवा," सगळं दाखवलं, पण गल्ली दाखवा असं ऑफिसवाला काही म्हटला नाही. मीच सांगितलं, की भाऊ गल्ली लहान आहे, दोन अ‍ॅक्टिवा समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागते. तर म्हणे, "हो जी मॅडम, आमची गाडी सगळीकडं जाते." कोटेशन आलं: पॅकिंग-लोडिंग-गाडी-अनलोडिंग मिळून ११,०००, इन्शुरन्स १,५०० (मी ५०,००० चा माल लिहून दिला होता, त्याचे ३ टक्के), वरून १८ टक्के जीएसटी २,२५०, टोटल १४,७५०. त्यात गाडी १४ फुटी लिहिलेली होती हे मी तेव्हा वाचलंच नाही, माझी चूक. महालात १४ फुटी गाडी!

त्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी आली अन् बडकस चौकातच थांबली. पुढं येणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हरनं ऑफिसला फोन लावला, ऑफिसनं मला लावला, "मॅडम, लाँग कॅरीचे चार हजार एक्स्ट्रा लागतील." मी विचारलं लाँग कॅरी म्हणजे काय, तर गाडी दारापासून लांब उभी राहिली तर हमालीचा जास्तीचा चार्ज. अरे पण लांब काहून उभी राहिली, तर तुम्ही गल्ली न पाहता गाडी पाठवली म्हणून ना? घर अर्धं बांधून झालेलं, गॅस बंद, सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, अशा वेळी माणूस भांडून भांडून किती भांडणार. २,५०० वर तोडलं. म्हणजे १७,२५० झाले.

शेवटी केलं काय, तर चौकातून एक छोटा हत्ती (टाटाचा लहान टेम्पो) बोलावला, तो गल्लीत दारापर्यंत आला, त्यात सामान भरायचं, चौकात न्यायचं, तिथं उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरायचं. म्हणजे प्रत्येक वस्तू दोनदा उचलली गेली. छोटा हत्तीवाल्या काकांना मी सहज विचारलं, की थेट मनीष नगरची एक फेरी किती? बाराशे. तीन फेऱ्यांत माझं सगळं घर गेलं असतं, छत्तीसशेत, वरून हमाली. महाल, इतवारी, गांधीबाग, त्या सगळ्या जुन्या वस्तीतून निघणार असाल तर छोटा हत्तीच सांगा, दोन बोला, मोठ्या गाडीच्या नादी लागू नका. अन् कोटेशनवर लाँग कॅरी, जिना चढायचे पैसे, थांबण्याचे पैसे, प्रत्येकापुढं "शून्य" असं लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

आता पोरांबद्दल. चार जण होते, तिघं बालाघाटकडचे अन् एक आपला उमरेडचा. उमरेडवाला म्हणजे सोनं. सासूबाईंची चिनी मातीची बरणी (ती त्यांच्या सासूबाईंची) हातात घेऊन मी उभी होते तर म्हणे, "काहून एवढ्या घाबरून राहिल्या ताई, द्या इकडं." आधी वर्तमानपत्र, मग बबल, मग पुठ्ठा, मग खोक्यात खाली जुनी चादर. काचेचं, पितळेचं, देवघरातलं, टीव्ही, एकालाही ओरखडा नाही, अन् तेही दोनदा उचलून. प्रत्येक खोक्यावर मार्करनं खोली अन् नंबर. फ्रिज उभाच नेला, अन् पोचल्यावर लगेच सुरू नका करू, तीन-चार तास राहू द्या असं स्वतःहून सांगितलं. वॉशिंग मशीन आमचं फ्रंट लोड, त्याच्या ड्रमला मागून लावायचे ट्रान्झिट बोल्ट असतात, नवीन मशीन बसवताना मेकॅनिक काढून देतो तेच. ते मी कुठं टाकले देवाला माहीत. पोरानं विचारलं, नाहीत म्हटल्यावर ड्रममधे उशा कोंबल्या. चाललं. तुमचे बोल्ट सापडले तर जपून ठेवा.

लोणच्याला मात्र कंपनीचा नियम आडवा आला, तेलाचं-पाण्याचं काही गाडीत घेणार नाही. नियम बरोबरच आहे, दुसऱ्याच्या गादीवर सांडलं तर कोण भरणार. मग सासूबाई लोणच्याची बरणी मांडीवर अन् लाइट-पाणी-टॅक्सच्या बिलांची फाइल काखेत घेऊन ऑटोत बसल्या. त्या फाइलचा एक किस्सा आहे. महालची लाइट २०११ पासून २०१९ पर्यंत फ्रँचायझीकडं (म्हणजे खासगी कंपनीकडं) होती, त्यामुळं त्यात आधी एमएसईबीची, मग महावितरणची, मग फ्रँचायझीची अन् पुन्हा महावितरणची अशी बिलं ओळीनं लावलेली आहेत. कोणाला दाखवायची ते त्यांनाही माहीत नाही, पण फाइल गाडीत टाकू देत नव्हत्या.

कूलर. यादीत नुसतं "एअर कूलर, एक" असं होतं. ऑफिसवाल्याच्या डोक्यात बहुतेक तो प्लास्टिकचा, चाकं असलेला. आमचा पत्र्याचा, १८ इंची पंख्याचा, लोखंडी स्टँडवाला, रिकामा उचलायलाही दोन माणसं. उमरेडवाल्यानं पाहिल्याबरोबर तिन्ही जाळ्या काढल्या, त्यातल्या वाळ्याच्या ताट्या वेगळ्या बांधल्या, पंप पिशवीत घालून पिशवी टाकीतच बांधली. नागपूरकडचा पोरगा असण्याचा फायदा.

दहाला मी बडकस चौकातून सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. बालाघाटवाल्यांनी तर्री वेगळ्या वाटीत घेतली अन् वाटीतच ठेवली.

घोळ झाला तो इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. पोरांना मी दोष देत नाही, त्यांना ऑफिसनं बारा वाजता पुढच्या बुकिंगसाठी फोनवर फोन चालू केले होते, "कितना टाइम, कितना टाइम". त्या घाईत शेवटच्या फेरीत बॅटरी आडवी पडली, कापसाच्या गादीला टेकून. ट्युब्युलर बॅटरी उभीच न्यावी लागते, आडवी झाली की झाकणातून अ‍ॅसिड झिरपतं. तेव्हा नुसता ओला डाग दिसला, पाणी असेल समजून आम्ही गादी उन्हात टाकली. दोन दिवसांनी तिथं हात लावला तर कापड पापुद्र्यासारखं हातात आलं. गादी गेली.

इन्शुरन्स घेतला होता ना, म्हणून फोन केला. तर पॉलिसी नंबरच नाही! दीड हजार घेतले ते कोणत्या विमा कंपनीकडं भरले ते सांगता येईना, "आमच्याकडूनच कव्हर असतं मॅडम" एवढंच. अन् क्लेम काहून नाही, तर "बॅटरी हे लिक्विड आयटम आहे." जीएसटीचं बिल मागितलं तर कोटेशनचीच पीडीएफ पुन्हा पाठवली, तिच्यावर जीएसटी नंबर नाही. मग मी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, पेमेंट, गादीचे फोटो सगळं जोडलं. तीन आठवड्यांनी १,५०० परत आले, गादीचा एक रुपया नाही. तरी आले हेच खूप. तुम्ही इन्शुरन्सचे पैसे देणार असाल तर गाडी हलायच्या आधी विमा कंपनीच्या नावाचा कागद हातात घ्या, नाहीतर ती रक्कम यादीतून काढायला लावा.

शिफ्टिंग एका दिवसाचं, लाइट-गॅस-पाण्याचं महिनाभर चालते, म्हणून तेही टाकते.

रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांनी लाइटचं रजिस्ट्रीच्या आधी बघा, कारण मागच्या मालकाची थकबाकी जागेच्या मागे लागते. आम्ही १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर बाकी पाहिली, शून्य होती, तरीही ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला अन् जुन्या मालकांना तिथंच पाठवला. नावबदलाचा अर्ज ऑनलाइन झाला, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) अन् जुन्या मालकांचं संमतीपत्र लागलं. डिपॉझिटचं आधीच बोलून घ्या. डिपॉझिट सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढं असतं, जुन्या मालकाचं तुमच्या नावावर वळवायचं का त्यांना परत द्यायचं अन् तुम्ही नवीन भरायचं, हे ठरलेलं नसेल तर नंतर उगाच तोंड वाईट होतं. आमच्याकडं जुने मालक सज्जन निघाले.

गॅसमधे मी एक चूक करता करता वाचले. मला वाटलं सिलेंडर-रेग्युलेटर जमा करून नवीन कनेक्शन घ्यावं लागेल. गावातल्या गावात एजन्सी बदलायची असेल तर जमा काही करायचं नसतं, कागदावर ट्रान्सफर होते, तुमचं सिलेंडर तुमच्याकडंच. गाव बदललं तरच जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं. डिपॉझिटचा तो मूळ कागद शोधून ठेवा, आमचा अर्थातच सासूबाईंच्या फाइलमधे निघाला, हसू नका. नव्या एजन्सीतला माणूस (नाव नको) म्हणे, शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागते. शेगडी घ्यायची सक्ती करता येत नाही, हे ठासून सांगितलं की ते लगेच "नाही नाही, ऑप्शनल आहे" म्हणतात. रबरी नळी मात्र नवीन घेतली, आयएसआयची. जुनीवर छापलेली तारीख पाहून माझीच मला लाज वाटली.

पाण्याचं आम्हाला काही करावं लागलं नाही, स्कीमचं, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं, एकच मीटर आहे, मेंटेनन्समधे येते. पण प्यायला महानगरपालिकेचं अन् वापरायला बोअरचं अशी दोन कनेक्शन आहेत, हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलंच नाही, अन् मी कूलरमधे बोअरचं भरत राहिले. वाळ्याच्या ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढला, वास गेला तो गेलाच. महालात जन्मभर पेंचच्या (नळाच्या) पाण्यावर कूलर चालवलेला, डोक्यातच आलं नाही. आता आरओतून जे फेकायचं पाणी निघतं त्यात तर क्षार अजून जास्त असतात, ते कूलरमधे टाकायचा सल्ला एका शेजारणीनं दिला, तो ऐकू नका.

एसीवाला एकदाच आला अन् नीट करून गेला. त्याच्याबद्दल एवढंच, की काढताना गॅस आउटडोअर युनिटमधे ओढून घेऊन मगच पाइप सोडवला, त्यामुळं नवीन गॅस भरायचा खर्च वाचला. तुमचा एसीवाला पाना घेऊन डायरेक्ट पाइपाला भिडला तर त्याला थांबवा.

परवा कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. बाई फार गोड बोलत होती, "मॅडम, तुम्ही स्टार थोडे वाढवले तर आम्ही पाचशेचं कॅशबॅक देऊ." मी म्हटलं, मला नको, त्या चार पोरांचे नंबर द्या, त्यांना मी थेट पाठवते. म्हणे, ते आमच्या रोलवर नाहीत, त्या दिवसापुरते आणले होते. मग त्यांची हजेरी कोण कापते हो, असं विचारलं तर फोन कट झाला.