सिरॅमाइड क्रीम हिवाळाभर वापरून: माल उत्तम, बाटली घेऊ नका

पंप बसला. ऐन जानेवारीत, नागपूरची थंडी भरात असताना, सकाळी दाबलेला पंप वर आलाच नाही. बाटली हातात जड लागत होती, म्हणजे आत भरपूर क्रीम होतं. झाकण फिरवून काढू म्हटलं तर त्याला आटेच नाहीत, कारखान्यात दाबून बसवलेलं. ओढून निघेना, गरम पाण्यात बुडवून निघेना. शेवटी भाजीच्या सुरीनं बाटली मधोमध कापली, चमच्यानं सगळं खरवडून स्टीलच्या डबीत काढलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 110 ग्रॅम. 1200 रुपयांची 500 मिलीची बाटली, म्हणजे अडीचशेहून जास्त रुपयांचं क्रीम मला मिळणारच नव्हतं.

नावं लिहीत नाही. सिरॅमाइडवालं (म्हणजे त्वचेतच असणारा एक स्निग्ध पदार्थ घातलेलं), बिनवासाचं, पांढऱ्या उंच बाटलीतलं क्रीम आता बऱ्याच कंपन्या काढतात आणि बाटल्याही साधारण एकाच ठेवणीच्या असतात. त्यामुळे हे सगळ्यांनीच वाचलं तरी चालेल.

क्रीम घेतलं ऑक्टोबरमध्ये. पावसाळा संपला की आमच्याकडे हवा झपाट्यानं कोरडी होते, पण उकाडा मात्र जात नाही. त्या दिवसांत या क्रीमबद्दलचं माझं मत वाईट होतं. चेहऱ्यावर लावून गाडीवर स्कार्फ बांधला की ऑफिसला पोचेपर्यंत आत घामाचा चिकटा. कपाळावर बारीक पुरळ. मैत्रिणीला मी स्पष्ट सांगितलं होतं की हे घेऊ नकोस.

दिवाळीनंतर मत पूर्ण बदललं. थंडी पडली तशी नडगीवर नखानं ओढलं की पांढरी रेघ उमटायला लागली, बोटांच्या सांध्यांवरची कातडी खरखरीत झाली, ओठ फुटले. तेव्हा हेच क्रीम आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायला सुरुवात केली. आठवड्याभरात नडगीवरची रेघ गेली. रात्री खाज सुटून जाग यायची, तीही थांबली. दरवर्षी डिसेंबरमध्ये मी पाय खाजवून लाल करून घेते, यंदा एकदाही नाही. या क्रीमनं मला इतका आराम दिला आहे की म्हणूनच त्या पंपाचा राग जास्त येतो.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थात निम्मा वाटा सिरॅमाइडचा असतो. बाकी कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. हा सांधा विरळ झाला की आतलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं. क्रीममधलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलेटम, म्हणजे व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली, वरून झाकण घालतं. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत पुरत नाही, त्यावर झाकण लागतंच. म्हणून लेबल वाचताना पहिली पाच-सहा नावं बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. ‘सिरॅमाइड’ पुढे मोठ्या अक्षरात आणि यादीत अगदी तळाला असतं, तेही साहजिक आहे, ते थोडंच लागतं. पण ग्लिसरीन आणि पेट्रोलेटम वर असायला हवेत. माझ्या बाटलीत होते.

आता बाटली. कापल्यावर आतली नळी पाहिली. ती तळापासून बोटभर वरच संपत होती, आणि तळाला चारी बाजूंनी क्रीमचा जाड थर तसाच चिकटलेला. म्हणजे पंप शाबूत राहिला असता तरी तेवढा माल कधीच बाहेर आला नसता. थंडीत क्रीम घट्ट होतं, बाजूंना धरून बसतं, मध्ये पोकळी होते आणि नळी नुसती हवा ओढते. पंप ‘फुस्स’ करतो आणि माणूस बाटली संपली समजून फेकतो. किती घरांतून अशा अर्धवट भरलेल्या बाटल्या कचऱ्याच्या गाडीत जात असतील! बाटलीवर छापलेलं वजन आत भरलेल्या मालाचं असतं, हातावर येणाऱ्या मालाचं नाही, त्यामुळे कंपनीचं काही अडत नाही. आटे असलेलं साधं झाकण द्यायला काय हरकत आहे? उलटी करून ठेवता आली असती, बोट घालता आलं असतं.

कस्टमर केअरला फोन केला. पहिला प्रश्न, “मॅम, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?” ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या बाटलीचा पंप जानेवारीत मोडला, त्याचा अनबॉक्सिंगशी काय संबंध? मग म्हणाले, परत करायची मुदत संपली. मग ईमेलवर फोटो मागवले. मी कापलेल्या बाटलीचा, नळीचा आणि काट्यावरच्या डबीचा असे फोटो पाठवले. उत्तर आलं की ‘उत्पादनात छेडछाड झालेली असल्यामुळे’ दावा मान्य करता येत नाही. बाटली कापल्याशिवाय क्रीम निघत नाही हीच तर माझी तक्रार होती! वर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. म्हणजे त्याच पंपासाठी मी पुन्हा पैसे भरायचे.

कूपन नाकारलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. बिल, बॅच नंबर आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाताशी असू द्या. त्यानंतर कंपनीचा सूर एकदम बदलला आणि नवी बाटली घरपोच आली. पंपाचीच. पण माझे पैसे वसूल झाले, आणि असल्या लहान रकमेसाठीही भांडायला हवं हे मी आग्रहानं सांगेन. बहुतेक जण सोडून देतात, तेच त्यांना हवं असतं.

क्रीमचं श्रेय क्रीमला द्यायचं, पण यंदाच्या थंडीत मी आणखी एक गोष्ट बदलली आणि तिचाही वाटा मोठा आहे. साबण. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, 7 च्या खाली आम्ल) 9 ते 10 असतो, त्वचा मात्र आम्लधर्मी, 5 च्या आसपास. पावसाळ्यात घामट अंगाला साबण खपून जातो, थंडीत तोच अंग ओढून काढतो. आता चेहऱ्याला साबण नाही, सौम्य फेसवॉश, तोही फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी. अंगाला साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्याचपुरता. गीझर कमी ठेवला. कडकडीत पाण्यानं आंघोळ करून वर महागडं क्रीम चोपडण्यात पैशाची नासाडी आहे.

दिवाळीतलं उटणंही मी याच नजरेनं बघते. आधी तिळाचं तेल जिरवायचं आणि मग उटणं, हा क्रम थंडीच्या तोंडावर अगदी योग्य आहे. तेल वगळून नुसतं उटणं खसाखसा चोळलं तर कोरडी त्वचा आणखी कोरडी होते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचा वास हवा असेल तर तेलावरच लावा.

टाचांच्या भेगांना मात्र हे क्रीम पुरलं नाही. तिथे कुडाळच्या मावशीनं पाठवलेलं कोकमतेल, तिकडचं भिरंडेल, कामी आलं. थंडीत ते दगडासारखं घट्ट असतं. चमच्यात घेऊन गॅसवर जरा धरायचं, वितळलं की कोमट असतानाच भेगेत भरायचं आणि मोजे घालून झोपायचं. चालताना होणारी ठणक दोन-तीन रात्रींत कमी होते. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.

सनस्क्रीन बदललं नाही. नागपूरच्या हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, ऊन कोवळं लागलं तरी यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, असतोच आणि तो खिडकीच्या काचेतूनही येतो. एसपीएफ 50 बारा महिने.

आता फेब्रुवारी सरतोय आणि दुपारी चटके बसायला लागलेत. आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणतात, सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला. त्या काळात जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. मी तसंच करते आहे. सकाळी चेहऱ्याला हलकं जेल, रात्री अजून क्रीम, पण वाटाण्याएवढंच. हातापायांना डबीतलं चालू आहे, ते होळीपर्यंत पुरेल. सगळं एका दिवसात बदललं की माझ्या चेहऱ्यावर पुरळ येतं, म्हणून एका वेळी एकच वस्तू बदलायची.

नवी बाटली उघडलेली नाही. मागे उघड्या डबीच्या चिन्हात 12M छापलंय, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. अंतिम तारीख पुढच्या वर्षाची आहे, त्यामुळे ती कोजागरीनंतरच उघडेन. तुम्ही नव्यानं घेणार असाल तर हेच क्रीम रुंद तोंडाच्या डब्यात किंवा ट्यूबमध्ये मिळतं का ते आधी बघा. डबा घेतलात तर बोटं न घालता स्वच्छ कोरड्या चमच्यानं काढा. ट्यूब लहान आणि मिलीमागे थोडी महाग पडते, पण शेवटच्या थेंबापर्यंत पिळता येते, आणि तो हिशोब केला तर ती स्वस्तच पडते. पंपाची बाटलीच मिळत असेल तर दुकानातच झाकण फिरवून बघा. फिरलं नाही तर ठेवून द्या.