कोना इलेक्ट्रिकसाठी ओबीडी अडॅप्टर आणि अ‍ॅप: सात-आठ महिने वापरल्यावर

आमची ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक सेकंडहँड आहे, ३९.२ किलोवॉट-अवरची, भारतात जी आली तीच. डॅशबोर्डवर टक्के दिसतात आणि किती किलोमीटर जाईल ते दिसतं, पण बॅटरी आतून किती तापलीय, सगळे सेल एकसारखे आहेत का, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची काय अवस्था आहे यातलं काहीच कळत नाही. वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिली काळजी बॅटरीचीच आणि कोनाच्या बाबतीत जरा जास्तच, कारण डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने भारतातल्या ४५६ कोना हाय व्होल्टेज बॅटरी तपासायला परत बोलावल्या होत्या. आमच्या गाडीचं ते काम झाल्याचा कागद मिळालाय, पण तो कागद त्या दिवसापुरता झाला, मला आजची स्थिती बघायची होती, म्हणून गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या सॉकेटला) डोंगल म्हणजे छोटं अडॅप्टर लावून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आतले आकडे बघायला सुरुवात केली.

सगळे विचारतात की कुठलं डोंगल घेऊ. माझं म्हणणं, आधी अ‍ॅप ठरवा मग डोंगल. पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिनाचे बरेचसे आकडे ठरलेल्या पद्धतीने येतात, कुठलंही अ‍ॅप ते वाचतं. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीची माहिती प्रत्येक कंपनीने आपापल्या पत्त्यावर ठेवलेली असते, त्यामुळे अ‍ॅपला तुमच्या गाडीचं प्रोफाइल माहीत असेल तरच काही हाती लागतं, नाहीतर बाराशे रुपयांचं डोंगल काय आणि बारा हजारांचं काय, स्क्रीनवर नुसते डॅश. कार स्कॅनर या अ‍ॅपमध्ये कोनाचं प्रोफाइल तयार मिळतं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, फुकटात बरंच दिसतं आणि पैसे भरून प्रो घेतलं की डॅशबोर्ड हवा तसा लावता येतो. मी तेच वापरते. टॉर्क प्रो पण लावून बघितलं, ते फक्त अँड्रॉइडवर, त्यात कोनाच्या पीआयडीची (कुठला आकडा कसा मागायचा त्या कोडची) फाइल बाहेरून आणून टाकावी लागते, ज्यांना अशी खटपट आवडते त्यांनी जरूर करावी पण घरातल्या बाकीच्यांना ते वापरता येईना. बाहेरदेशी निसान लीफ वापरणारे बरेच मराठी लोक आहेत, त्यांनी दुसरीकडे बघायचीच गरज नाही, लीफस्पाय हे अ‍ॅप घ्या.

आता डोंगल. बाजारात जे तीन-चारशे रुपयांना मिळतं त्यावर बहुतेक ईएलएम३२७ आणि १.५ किंवा २.१ असं लिहिलेलं असतं. मूळ ईएलएम३२७ ही कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप, आणि त्यांनी १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे तो आकडा दिसला की नक्कल आहे हे पक्कं. २.१ ही त्यांची खरी आवृत्ती होती पण त्या नावाने स्वस्तात जे विकतात त्यातल्या पुष्कळ नकलांमध्ये निम्म्या कमांडच चालत नाहीत. पेट्रोल गाडीत याने फार बिघडत नाही, कारण तिथे नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं छोटी असतात, एका फ्रेममध्ये म्हणजे संदेशाच्या एकाच तुकड्यात मावतात. कोनाचा बॅटरी कंट्रोलर मात्र एका प्रश्नाला साठेक बाइटचं उत्तर देतो, ते आठ-आठ बाइटच्या तुकड्यांत येतं आणि डोंगलला मधेमधे "पुढचं पाठव" असं सांगावं लागतं, सगळे तुकडे क्रमाने जुळवावे लागतात. स्वस्त नकलेची मेमरी तिथे भरते, तुकडा गळतो आणि मग सेल व्होल्टेज कधी येतं कधी नाही. सोसायटीतल्या एकांकडे असं डोंगल होतं ते मी आधी लावून बघितलं, त्यांच्या डिझेल गाडीत झकास चालतं, कोनात टक्के दिसले, सेलची यादी अर्ध्यावर थांबली. म्हणून मग व्हीगेट कंपनीचं ब्लूटूथ ४.० वालं डोंगल घेतलं आणि आजपर्यंत यादी एकदाही तुटली नाही. ओबीडीलिंक एमएक्स प्लस त्याहून सरस आहे, वेग जास्त, भरवसा जास्त, पण अमेरिकेतच १४० डॉलरच्या आसपास, आणि नुसती बॅटरी बघायला एवढं लागत नाही असं माझं मत.

आयफोनवाल्यांनी एक गोष्ट नीट बघून घ्या. जुन्या पद्धतीचं साधं ब्लूटूथ असलेलं डोंगल आयफोनशी बोलत नाही, बीएलई म्हणजे ब्लूटूथ ४.० किंवा त्यापुढचं हवं (एमएक्स प्लस ॲपलने मान्य केलेलं आहे म्हणून ते चालतं). आणि बीएलई डोंगल फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करू नका, थेट अ‍ॅपमधून जोडा, अर्ध्या लोकांची "कनेक्टच होत नाही" ही तक्रार तिथेच मिटते. वायफायवालं मी घेणार नाही, फोन त्या वायफायला चिकटला की नकाशाचं इंटरनेट जायची शक्यता.

सगळ्यात महत्त्वाचं, डोंगल लावून ठेवू नका. ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला १२ व्होल्ट कायम असतो, गाडी बंद असली तरी. डोंगलने ४० मिलीअँपिअर जरी ओढले तरी दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर जातो, गाडी दोन आठवडे पार्किंगला राहिली आणि छोटी बॅटरी आधीच थकलेली असली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होणार नाही. कोनात १२ व्होल्टच्या बॅटरीची तक्रार तशीही ऐकू येते. काही डोंगल आपोआप झोपतात, तरी मी काढूनच ठेवते, शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच डोंगलचा ब्लूटूथ जोडायचा पासवर्ड १२३४ असतो, तेव्हा ते गाडीत कायम उघडं कशाला ठेवायचं.

आता बघायचं काय. एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत, तो आकडा सगळे आधी बघतात आणि १०० दिसला की खूश होतात. कोनात तो बरीच वर्षं १०० वरच राहतो, कारण वर राखीव जागा ठेवलेली आहे, तेव्हा त्यावरून फार काही ठरवू नका. मी सेलचं कमाल आणि किमान व्होल्टेज बघते. या पॅकमध्ये ओळीने ९० सेल-जोड्या आहेत आणि कंट्रोलर ०.०२ व्होल्टच्या पायरीने मोजतो, म्हणून फरक ० किंवा ०.०२ दिसला तर छान. पण हे चार्ज भरलेला असताना बघून उपयोग नाही, अशक्त सेल खाली उतरल्यावर आणि जोर लावल्यावर उघडा पडतो, म्हणून १५-२० टक्क्यांवर, चढावर, शेजारी बसलेल्या माणसाला बघायला सांगा, गाडी चालवताना स्वतः बघू नका. दर वेळी तोच सेल सगळ्यात खाली येत असेल तर नंबर टिपून ठेवा.

खरी क्षमता काढायची तर त्याहून चांगली पद्धत आहे. अ‍ॅपमध्ये आतापर्यंत एकूण किती ऊर्जा भरली आणि किती काढली असे दोन आकडे असतात, रीजेनची (ब्रेक लावताना, उतारावर बॅटरीत परत येणारी) ऊर्जा भरलेल्यात धरलेली असते. १०० टक्क्यांवर दोन्ही लिहून घ्यायचे, २० वर आल्यावर परत लिहायचे, काढलेल्यातली वाढ वजा भरलेल्यातली वाढ. हे ३१ किलोवॉट-अवरच्या आसपास आलं तर पूर्ण बॅटरी ३९ च्या जवळ, म्हणजे नव्यासारखी. आमची याच्या अगदी जवळ आली आणि तेव्हा मला खऱ्या अर्थाने हायसं वाटलं.

पुणे-मुंबई केलं की अजून एक कळतं. लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून घाट उतरायला घेतला तर रीजेन घ्यायला जागाच नसते, अ‍ॅपमध्ये बॅटरी किती पॉवर घ्यायला तयार आहे तो आकडा पडलेला दिसतो आणि ब्रेकवर भार येतो. ८० वर थांबवून निघालं की तोच उतार बॅटरीत जमा होतो. मे महिन्यात दुपारी एक्सप्रेसवेवरून येऊन लगेच फास्ट चार्जरला लावलं तर बॅटरी आधीच तापून चाळीस अंशांच्या आसपास असते, वेग कमी मिळाला की लोक चार्जरवर चिडतात, पण तापमान आणि तो पॉवरचा आकडा एकत्र बघितला तर कधी गाडीच हात आखडता घेत असते आणि कधी खरंच चार्जर कमी देत असतो, दोन्ही मी बघितलंय.

फॉल्ट कोड पुसायचं बटण अ‍ॅपमध्ये आहे, हाय व्होल्टेजचा कोड असेल तर त्याला हात लावू नका, स्क्रीनशॉट काढा आणि सर्व्हिस सेंटरला तोच दाखवा. आणि कुणी वापरलेली कोना घ्यायला जात असेल तर डोंगल बरोबर न्या, विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की गाडी २० टक्क्यांवर आणून ठेवा, पूर्ण भरलेली नको.