खळ, रांगोळी की बडग्या? बर्डीच्या गर्दीला देण्याकडे वळवणारी गनिमी कला

दिवाळीच्या पंधरवड्यात बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीपुढे प्रायोजक न घेता, स्वखर्चाने रस्त्यावर अचानक काही मांडायचं (हीच गनिमी कला) आणि जवळ देणगीची पेटी ठेवून घरातल्या चांगल्या वस्तू गरजूंपर्यंत पोचवायच्या, असं ठरवलेल्या गटासमोर तीन वाटा आहेत: खळीने चिकटवलेलं पोस्टर, बडग्या आणि रांगोळी. निवडताना एकच कसोटी लावा: चित्र वाचल्यावर माणसाला लगेच काही देता येतं का? नुसतं ‘खरेदी कमी करा’ म्हटलं तर लोक मान डोलावतात आणि दुकानात शिरतात.

पोस्टर सगळ्यात स्वस्त. 1 वाटी मैदा वाटीभर थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, 3 वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि खळ पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. खळीचा एक हात भिंतीवर द्या, एक चिकटवलेल्या कागदावरून. कागद पातळ हवा. जाड कार्डशीट कोपऱ्यांतून सुटते आणि चुन्याच्या भिंतीचा पोपडा कागदासकट खाली येतो. खरी अडचण 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याची आहे. त्यात 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. महापालिकेची लेखी परवानगी हातात नसेल तर ही वाट सोडा. शिवाय देणगीची पेटी उचलल्यावरही पोस्टर भिंतीवर राहतं आणि लोकांना रिकाम्या जागेकडे पाठवत बसतं.

बडग्या, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचा पुतळा, ही नागपूरची स्वतःची रस्त्यावरची कला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. त्यांच्यासोबतचे बडगे वर्षभरातल्या चीड आणणाऱ्या गोष्टींवर बोलतात. पार्सलच्या रिकाम्या खोक्यांनी मढवलेला बडग्या तान्ह्या पोळ्याच्या गर्दीला न समजावता कळेल. बांबूच्या कमच्या, सुतळी, रद्दी आणि खळ एवढं साहित्य पुरतं. तो खांद्याच्या सांध्यात मोडतो, म्हणून तिथे आडवी कमची दुहेरी बांधा. शेवटी तो जाळायचा असल्याने खोक्यांवरची प्लास्टिकची टेप आधीच काढून टाका, थर्माकोल नकोच. परिणाम जबरदस्त, पण त्या रेटारेटीत कुणी थांबून काही देऊ शकत नाही. शिवाय दिवाळी तेव्हा लांब असते.

त्यामुळे आमचा कौल स्टेन्सिलच्या रांगोळीला. पुठ्ठा किंवा जाड प्लास्टिक शीट 2 बाय 3 फूट घ्या आणि अक्षरं किमान 6 इंच उंच ठेवा. मजकूर चार-पाच शब्दांचा: ‘आधी एक द्या, मग घ्या’. खाली बाण आणि पेटीपर्यंतची पावलं. देवनागरी कापताना शिरोरेषा सलग कापली की शीट लोंबते, आणि ‘प’, ‘म’ यांच्या पोटातला तुकडाही गळून पडतो. शिरोरेषा अक्षराच्या डोक्यावरच सेंटीमीटरभर न कापता सोडली की दोन्ही प्रश्न सुटतात. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या गोलाला मात्र वेगळा जोड ठेवावाच लागतो. चाळणीने पातळ थर द्या. पाव किलोत एक छाप निघते. थर जाड झाला तर शीट उचलताना कडा ढासळतात. गुळगुळीत फरशी, पायऱ्या आणि गाड्यांची वाट टाळा, कारण रांगोळीवरून वयस्कर माणसं घसरतात. दुकानदाराला आदल्या दिवशी विचारून त्याच्याच पुढ्यात काढा, नाहीतर शटर उघडताच झाडू फिरतो. दुपारपर्यंत ती पुसली जाते, म्हणून पेटी चालू असेल त्याच दिवशी काढायची.

पेटीकडे रांगोळीइतकंच लक्ष हवं. कपडे टांगून ठेवायच्या भिंती बहुतेक एकाच कारणाने उकिरडा होतात: तिथे निवडायला कुणी बसलेलं नसतं. पेटीपाशी दोन माणसं बसवा. फक्त धुतलेले कपडे, जोडीने बांधलेल्या चपला, चेन चालणारी दप्तरं घ्या. फाटकं प्रेमाने परत करा. घेणाऱ्याचा मान त्यावरच ठरतो. रोख घेऊ नका. नोंदणीकृत न्यास नसताना पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. चादरी आणि स्वेटर वेगळ्या गठ्ठ्यात बांधा. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत रुग्णांचे नातेवाईक थंडीतही आवारात रात्र काढतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना गोळा करण्याआधीच भेटून किती आणि काय हवं ते विचारा, आणि तोच आकडा दुसऱ्या दिवशीच्या रांगोळीत लिहा.