नव्या टर्बोत काळं ऑइल कुठून येणार? ट्रकचा पिकअप वाढवायला गेलो आणि 4,05,400 रुपये घालवून बसलो

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला कुणी असं फसवावं, हे घरात सांगतानाही जीभ अडखळत होती. पण ज्याने मला बुडवलं तो अजून धंदा करतोय. मागच्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्या एकाला त्याचा फोन आला, तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

माझी एकच गाडी आहे. दहा टायर, 28 टन पासिंग, बीएस-सहा. मालक मीच, चालवतोही मीच. हप्ता 46,700 रुपये. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचा पिकअप मार खायला लागला. भरलेली गाडी जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये काढायची, तिथे दुसरा टाकावा लागायचा. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) रिजनची, म्हणजे साठलेली काजळी जाळायची, लाइट सारखी लागायची. अ‍ॅव्हरेज 3.8 वर आलं होतं. अशा वेळी लाइनवरच्याच एका गाडीवाल्याने सांगितलं, "भाऊ, रिमॅप करून घे, माझी गाडी बघ कशी पळते." त्याच्यावर अविश्वास दाखवायला काही कारणच नव्हतं, आम्ही एकाच ढाब्यावर जेवणारी माणसं. त्याला माझ्यामागे 5,000 कमिशन मिळालं, हे मला फार नंतर कळलं.

त्याने सांगितलेल्या ट्यूनरने, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्याने, पूर्ण पॅकेज सांगितलं. ईसीएमचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) रिमॅप, म्हणजे आतली फाइल बदलणं, 42,000, इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो 68,500, धुरातलं प्रदूषण कमी करणारा युरिया बंद करायचा डबा 14,000, मजुरी 9,500. एकूण 1,34,000. वर "शेठ, अ‍ॅव्हरेज 5.2 मिळणारच" असा शब्द. 20,000 अ‍ॅडव्हान्स आणि नंतर 60,000 मी फोनवरून पाठवले. उरलेले 54,000 त्याने रोख मागितले, "बिल केलं तर जीएसटी तुमच्याच डोक्यावर बसेल" म्हणाला. मी दिले. म्हणजे आज माझ्याकडे पुरावा फक्त 80,000 चा आहे. रोख देऊ नका. बिलावर चेसिस नंबर आणि टर्बोचा सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

युरिया बंद करायला मी होकार दिला, ते चुकलंच. पण हप्ता, टोल, टायर आणि वर युरियाचा खर्च, हे सगळं एका गाडीवर ओढणाऱ्यालाच त्याचं ओझं कळतं. लाइनवर कित्येक जण सर्रास करतात, म्हणून मीही मान डोलावली.

आता ती वेळ, जी मला रोज रात्री आठवते. त्याने माझ्यासमोर खोका उघडला. नवाकोरा खोका, आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत टर्बो. बाहेरून चकचकीत. मी सहज ऑइल जिथून आत जातं त्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढलं, तर बोटाचं टोक काळं. मी विचारलंही, "हे काय?" तो म्हणाला, "कंपनीत ऑइल टाकून टेस्ट करतात शेठ." आणि मी बोट फडक्याला पुसलं.

टेस्टचं ऑइल काळं कसं असेल? नवीन ऑइल मधाच्या रंगाचं असतं. काजळीने काळं होतं ते इंजिनात फिरलेलं ऑइल. हे मला माहीत नव्हतं का? दर सर्व्हिसला मी स्वतः गाडीखाली बसून ते काळं ऑइल डब्यात सोडतो! पण त्या क्षणी डोक्यात 5.2 चं अ‍ॅव्हरेज फिरत होतं, 20,000 आधीच गेलेले होते, आणि चारचौघांत "हा जुना आहे" असं म्हणायचा संकोच वाटला. तिथेच उठून गाडी बाहेर काढायला हवी होती. नेमप्लेटचे रिव्हेटही एक चपटा आणि एक गोल होता, तेही दिसलं होतं. कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील, तर तो टर्बो कुठल्यातरी इंजिनावर झिजून आलेला आहे. एवढं बघायला मिस्त्री असण्याचीही गरज नाही. माझा स्वतःचा चांगला टर्बो त्याने "8,000 चा बायबॅक" म्हणून ठेवून घेतला. ते 8,000 आजवर आलेले नाहीत. जुना पार्ट सोडून येऊ नका, भंगारात घालायचा असला तरी स्वतः घाला.

दुसरी गोष्ट त्या ग्राफची. लॅपटॉपवर त्याने "आधी" आणि "नंतर" अशा दोन रेषा दाखवल्या. माझी गाडी जागेवर उभी होती, चाक इंचभरही फिरलेलं नव्हतं, ताकद मोजायच्या रोलरवर तर चढलीच नव्हती. मग ताकद मोजली कशी? ग्राफवर 2200 आरपीएमला 900 न्यूटन मीटर टॉर्क आणि 320 हॉर्सपॉवर लिहिलं होतं. माझा पुतण्या डिप्लोमाला आहे. त्याने तो कागद पाहिला आणि दोन मिनिटांत मांडून दाखवलं: टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549 म्हणजे किलोवॅट. उत्तर येतं 207. त्याला 1.34 ने गुणलं की 278 हॉर्सपॉवर. 320 येतच नाही. तो ग्राफ हाताने बनवलेला होता. तुमच्या गाडीला, तुमच्यासमोर, डायनोवर, म्हणजे त्या रोलरवर, आधी आणि नंतर चालवून दाखवत नसेल तर त्या कागदाची किंमत शून्य.

आणि रिमॅप? झालंच नव्हतं. ईसीएममधली फाइल कंपनीचीच होती, नंतर वर्कशॉपच्या स्कॅनरने कॅलिब्रेशन नंबर जुळवून दाखवला. ट्यूनरने फक्त डिझेलचं प्रेशर मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये एक काड्यापेटीएवढा डबा घालून वर काळी टेप गुंडाळली होती. तो डबा ईसीएमला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे. ईसीएम बिचारा प्रेशर वाढवत राहतो, स्क्रीनवर मात्र सगळं नॉर्मल. गाडीला पिकअप येतो, खरंच येतो, म्हणून तर पहिले दहा दिवस मी खूश होतो. पण डिझेल जास्त, हवा तेवढीच. एक्झॉस्टचं तापमान चढतं, काजळी डीपीएफमध्ये साठत जाते आणि डीपीएफमुळे सायलेन्सरला धूर दिसत नाही. म्हणजे धोका कळायचा रस्ताही बंद.

सव्विसाव्या दिवशी भरल्या गाडीला घाटात शिट्टीसारखा आवाज आला, मग धाडकन एक दणका, आणि मागे निळा-पांढरा धूर. टर्बोचा शाफ्ट तुटला होता, पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करतो त्यात) पडले होते आणि चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनचं डोकं वितळलेलं होतं. हाफ इंजिन, नोजल सेट, टर्बो, डीपीएफची सफाई: 2,71,400. वॉरंटीचे 14 महिने शिल्लक होते, पण तो डबा बघितल्यावर वॉरंटी गेली. गाडी 31 दिवस उभी राहिली, ते भाडं आणि दोन हप्ते मी वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते पुढचं. वर्कशॉपच्या जुन्या मिस्त्रीने इंटरकूलरचा होज पाइप काढून माझ्या हातात दिला. क्लिपच्या खाली, सहज दिसणार नाही अशा जागी, दोन बोटं लांब चीर. हवा तिथून निघून जात होती, म्हणून पिकअप नव्हता, म्हणून डीपीएफ भरत होता. पाइपची किंमत 1,850 रुपये. इंजिन आजारी होतं आणि मी त्याला कुस्तीला उतरवलं. ताकद वाढवायचा विचार करण्याआधी होज, एअर फिल्टर, टॅपेट तपासा, नोजल बेंचवर लावून बघा. आणि अ‍ॅव्हरेज शेकडा 37 वाढेल असं कुणी म्हणालं तर तिथूनच निघा. कंपन्यांचे इंजिनिअर एकेक टक्क्यासाठी वर्षानुवर्षं झटतात, ते या माणसाला दुपारभरात कसं जमेल?

तक्रार करायला गेलो तर वेगळाच अपमान. पोलीस ठाण्यात सांगितलं, "चारशेवीस बसत नाही, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." चारशेवीस तर 1 जुलै 2024 पासून राहिलेलंच नाही, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, हे मी त्यांना सांगायचं? दुसऱ्या ठाण्याने हद्दीचं कारण दिलं. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. चार खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एक भाडं बुडवून. साहेब राउंडला, साहेब बंदोबस्तात, साहेब जेवायला. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोच आली, पुढे काही नाही. परिवहन कार्यालयात गेलो तर खिडकीवरचा माणूस माझ्यावरच उलटला: गाडीत बदल केलात म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग, प्रत्येक बदलाला 5,000 दंड तुम्हालाच. कायदा तसाच आहे, मान्य आहे. पण ज्याने दुकान मांडून हे बदल विकले, त्याच्या दारात जायला कुणाकडे एक तासही नाही? लुटलेल्याला दंडाची भीती दाखवायची आणि लुटणाऱ्याला मोकळं सोडायचं, मग माणसं तक्रार करायला येतीलच कशाला?

ग्राहक आयोगाच्या बाहेर एका माणसाने सांगितलं, ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून परत फिरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याला ते लागू होऊ शकतं, वकिलाला दाखवा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मी तक्रार दाखल केली आहे, पहिली तारीख पडली आहे.

पुरावे जमवताना फोनमध्ये त्या दिवशीचा एक फोटो सापडला. नवा टर्बो घेतला म्हणून मी मोठ्या हौसेने मेव्हण्याला पाठवला होता. उघडा खोका, टर्बो, वेगवेगळे दोन रिव्हेट आणि कडेला माझा हात. मोठा करून बघितला तर बोटाचं टोक काळं दिसतं, अगदी स्पष्ट. तो फोटो पुरावा क्रमांक 3 म्हणून जोडला आहे.