भाऊ बेपत्ता, घर सामाईक: विक्रीच्या तीन वाटा

वडील मृत्युपत्र न करता गेले, घर त्यांचं स्वकष्टाचं. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे प्रत्येकाचा चौथा हिस्सा. त्यानंतर धाकटा घर सोडून गेला, ठावठिकाणा नाही, आणि आता घराला गिऱ्हाईक आलंय. हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करायला त्याचीच सही लागणार. ‘वारसनोंदीत नावच घालू नका’ म्हणणारे भेटतातच. पण मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव नाही म्हणून हिस्सा बुडत नाही, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राचं झेंगट मात्र मागे लागतं.

आपापला हिस्सा विकणं सगळ्यांत झटपट. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 44 त्याला मुभा देतं. मात्र राहतं घर एकत्र कुटुंबाचं असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला ताबा मागता येत नाही, फक्त वाटप मागता येतं. शिवाय वारसा कायद्याच्या कलम 22 मुळे आई-भावंडांना तो हिस्सा घ्यायचा पहिला हक्क आहे. अशा खरेदीला कर्ज मिळणं कठीण, म्हणून भाव पडतो. बहिणीचा हिस्सा भावानेच घ्यायचा असेल तर ही वाट चांगली. पूर्ण घर विकायला निरुपयोगी.

सात वर्षं बेपत्ता असलेल्याला मृत धरण्याची वाट सगळ्यांना ऐकून माहीत असते, आणि तिच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहे. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चं कलम 111 (जुन्या कायद्यातलं 108) म्हणतं की ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. मृत्यूचा दाखला आपोआप मिळत नाही. दिवाणी न्यायालयातून जाहीर करून घ्यावं लागतं. पोलिसांतली बेपत्ता असल्याची तक्रार तिथे मोठा पुरावा ठरते, आणि ती बहुतेक घरांत लाजेपोटी केलेलीच नसते.

मुख्य म्हणजे मृत ठरला तरी त्याचा हिस्सा भावंडांत विरघळत नाही. तो अविवाहित असेल आणि आई हयात असेल तर सगळा आईला. लग्न झालेलं असेल तर बायको, मुलं आणि आई यांना. म्हणजे एका सहीऐवजी तीन-चार सह्या, त्यातही मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर न्यायालयाची परवानगी आलीच. शिवाय तो नेमका कधी वारला, हे या कलमानं ठरत नाही. मधल्या काळात आईही गेली असेल तर वारस कोण यावर वाद रंगू शकतो.

वाटपाच्या दाव्याला सात वर्षं थांबावं लागत नाही. भावाला प्रतिवादी करायचं, समन्स परत आलं की न्यायालयाच्या परवानगीनं शेवटच्या पत्त्यावर चिकटवायचं, वर्तमानपत्रात द्यायचं. हजर झाला नाही तर काम एकतर्फी चालतं. घर तुकडे करण्याजोगं नसेल तर वाटप कायदा, 1893 प्रमाणे निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांच्या मागणीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. इथे तिघांचा मिळून पाऊण आहे. भावाचा वाटा न्यायालयात जमा करून घेता येतो. तोटा म्हणजे वेळ: आधी प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा हिस्सा किती), मग अंतिम (प्रत्यक्ष वाटप किंवा विक्री). दुसरं, वर्तमानपत्रातून दिलेलं समन्स मुदतीच्या कायद्यात रीतसर बजावणी धरत नाहीत. उद्या भाऊ उगवला तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करून मागू शकतो. म्हणून शोध खरोखर घ्या आणि त्याचे कागद जपा.

माझं मत: भाऊ अविवाहित, आई हयात आणि तक्रार सात वर्षांपूर्वीची असेल तर मृत्यूची घोषणा मागा, नंतर विकणारे तिघंच उरतात. बाकी बहुतेक प्रसंगी वाटपाचा दावा, आणि तो आजच. तोवर गिऱ्हाइकाकडून पूर्ण घराचा इसार घेऊ नका.