चिनूक की सीएच-५३? अवजड हेलिकॉप्टरचं आरसी मॉडेल निवडताना

साध्या आरसी (रेडिओ रिमोटने उडवायच्या) हेलिकॉप्टरवर हात बसला, नाक आपल्याकडे ठेवूनही हॉवर (हवेत एका जागी तरंगणं) स्थिर राहू लागला, की मोठं ओझं उचलणाऱ्या लष्करी हेलिकॉप्टरचं स्केल मॉडेल खुणावू लागतं. बहुतेकांचं मन तेव्हा दोन नावांवर अडतं: बोइंगचं सीएच-४७ चिनूक आणि सिकॉर्स्कीचं सीएच-५३. मी दोन्ही बांधली आणि उडवली आहेत. माझं मत आधीच सांगतो. पहिलं मोठं मॉडेल सीएच-५३ असावं, तेही सहा पात्यांचं जुनं रूप. चिनूक त्यानंतर.

चिनूकने पहिलं उड्डाण केलं २१ सप्टेंबर १९६१ रोजी. पुढे एक, मागे एक असे दोन रोटर, प्रत्येकाला तीन पाती, व्यास १८.३ मीटर, फिरण्याच्या दिशा उलट. एका रोटरचा पीळ, म्हणजे बॉडीला उलट फिरवणारा जोर, दुसरा खोडून काढतो, त्यामुळे तो आवरणारा शेपटीवरचा छोटा टेल रोटर लागत नाही आणि इंजिनांची जवळजवळ सगळी ताकद वजन उचलायला मिळते. मात्र दोन्ही रोटरांच्या अक्षांमधलं अंतर जेमतेम १२ मीटर आहे. म्हणजे एका रोटरची पाती दुसऱ्याच्या वर्तुळात सहा मीटरहून जास्त शिरतात. ती आपटत नाहीत, कारण छतावरून जाणारा शाफ्ट दोन्ही गिअरबॉक्स एकमेकांशी बांधून ठेवतो. १९८६ मध्ये शेटलंड बेटांजवळ एका नागरी चिनूकच्या पुढच्या गिअरबॉक्समधलं दातेरी चक्र निकामी झालं, हा मेळ तुटला, पाती एकमेकांवर आदळली आणि ४५ माणसं गेली.

मॉडेल बांधतानाही हाच मुद्दा पहिला. पाती एकमेकांत शिरणारी हवी असतील, तर दोन्ही रोटर बेल्टने किंवा शाफ्टने जोडावेच लागतात. एक दात जरी घसरला तरी खेळ संपला. माझ्या पहिल्या चिनूकमध्ये बेल्टचा ताण थोडा कमी राहिला होता. जमिनीवर रोटर फिरवून पाहतानाच सहाच्या सहा पात्यांचे तुकडे झाले. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी बेल्ट बोटाने दाबून पाहतो. काही जण पाती आखूड करून वर्तुळं वेगळी ठेवतात आणि दोन स्वतंत्र मोटर बसवतात. ते सुरक्षित आहे, पण डोळ्यांना चिनूक वाटत नाही. दोन वर्तुळं एकमेकांत गुंतलेली दिसली पाहिजेत, त्यातच त्याचं देखणेपण आहे.

सीएच-५३ चा पाया ओळखीचा आहे: वर एक मुख्य रोटर, शेपटीला एक टेल रोटर. पहिलं उड्डाण १४ ऑक्टोबर १९६४. सुरुवातीच्या रूपांत दोन इंजिनं आणि २२ मीटर व्यासाचा सहा पात्यांचा रोटर होता. १९७४ मध्ये उडालेल्या ‘ई’ रूपात तीन इंजिनं, सात पाती आणि २४ मीटरचा रोटर आला. मोठ्या आकाराच्या नेहमीच्या आरसी हेलिकॉप्टरचे मेकॅनिक्स तुमच्याकडे असतील, तर ते बहुपाती हेड (जास्त पाती जोडता येतात असा रोटरचा मधला भाग) लावून या बॉडीत बसवता येतात. म्हणजे आधी उडवून तावून सुलाखून घेतलेलं यंत्रच आत जातं. चिनूकला स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी चकती) दोन, हेड दोन आणि त्या चकत्या हलवणाऱ्या छोट्या मोटर, म्हणजे सर्व्होही दुप्पट लागतात.

‘ई’ सुरुवातीला नको म्हणतो, त्याला कारण त्याची शेपटी. टेल रोटरचा खांब वीस अंश डावीकडे कललेला आहे. खऱ्या यंत्रात त्यातून थोडी उचल मिळते. मॉडेलमध्ये मात्र नाक वळवायला गेलं की शेपूटही वरखाली होते, आणि ते रिमोटमधल्या मिक्सिंगने (एका नियंत्रणासोबत दुसरंही आपोआप हलवणाऱ्या सोयीने) सावरत बसावं लागतं. जुन्या रूपाचा टेल रोटर सरळ आहे. जर्मन सैन्याने वापरलेलं ‘जी’ त्याच जातीचं.

सीएच-५३ सोपं आहे असं मात्र नाही. पाती वाढली की मुख्य रोटर सावकाश फिरवायचा मोह होतो, कारण दिसायला तेच खरं वाटतं. पण टेल रोटर त्याच गिअरवर चालतो, तोही मंदावतो आणि वाऱ्यात शेपूट हातातून निसटते. टेलचं गिअर प्रमाण बदलल्याशिवाय वेग उतरवू नका. बहुपाती हेड स्टिकच्या हालचालीला फार चटकन प्रतिसादही देतं, म्हणून फ्लायबारलेस युनिटमधला (मॉडेल स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातला) गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, बराच खाली आणावा लागतो. सहाही पाती एकाच पातळीत फिरतात का हे तपासण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

उडवताना फरक जाणवतो तो दिशेच्या भानाचा. थोडं दूर गेलेलं चिनूक म्हणजे हिरवट, लांबुळका ठोकळा. नाक कुठलं आणि मागची बाजू कुठली, हे ढगाळ दिवशी क्षणभर कळतच नाही, आणि तो क्षण महागात पडतो. सीएच-५३ ची शेपूट लांबूनही ओळखू येते. शिवाय चिनूकला वळवणारी वेगळी पाती नाहीत. पुढचा रोटर एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला कलतो, मग ते वळतं. वळण जड असतं, आणि वेगात बॉडी आडवी व्हायला पाहते. चांगल्या गायरोशिवाय (नकोसं वळण ओळखून सावरणाऱ्या सेन्सरशिवाय) त्याच्या वाटेला जाऊ नये.

आकाराचा हिशोब घरीच करा. १:१० प्रमाणात चिनूकचा एक रोटर १.८ मीटरचा होतो, पण पात्यांसकट लांबी तीन मीटर. सहा पात्यांच्या सीएच-५३ चा रोटर २.२ मीटर. वजन लांबीच्या घनाने बदलतं: खऱ्या चिनूकचं कमाल वजन सुमारे २२,७०० किलो, म्हणून १:१० ला तंतोतंत हिशोब २२.७ किलो, तर १:१२ ला १३ किलो. हाताळायला, उचलून न्यायला मी १:१२ हून मोठं मॉडेल घेणार नाही. रशियाचं एमआय-२६ बांधायची हौस असेल, तर त्याचा आठ पात्यांचा रोटर ३२ मीटरचा आहे, एवढं लक्षात असू द्या.

२०२२ मध्ये जर्मनीने आपल्या जुन्या सीएच-५३ च्या जागी नवं सीएच-५३के न घेता चिनूक निवडलं, हे बऱ्याचदा ऐकवलं जातं. त्यांच्या गरजा वेगळ्या. मॉडेलची निवड त्यावरून करू नका.

एका बाबतीत मात्र चिनूकला तोड नाही: खाली लटकवलेलं ओझं. पोटाखाली ओळीने तीन हुक असतात. पुढच्या आणि मागच्या हुकाला मिळून ओझं बांधलं की ते गरगरत नाही, आणि ओझं थोडं पुढे-मागे झालं तरी दोन रोटर तो भार आपसात वाटून घेतात. एकाच रोटरच्या मॉडेलला तेवढा फरक लगेच भोवतो. तुमच्या मनात ओझं घेऊन उडणारं मॉडेलच असेल, तर सीएच-५३ वर एक हंगाम काढा आणि मग चिनूकचा सांगाडा बॉडीशिवाय उडवून पाहा. बेल्ट, सर्व्हो, गायरो सगळं उघड्यावर दिसत असताना वीसेक उड्डाणं नीट झाली, की बॉडी चढवा. हुक त्यानंतर.