बिनपासिंगच्या इंजिन-सायकलीच्या नावाखाली झालेली फसवणूक

‘आपल्या जुन्या सायकलीला इंजिन बसवा, लायसन्स नको, पासिंग नको, लिटरला शंभर किलोमीटर’ अशा आशयाच्या चित्रफिती सध्या कोकणातल्या अनेकांच्या मोबाइलवर येत आहेत. त्यांपैकीच एका विक्रेत्याने माझी फसवणूक केली. पैसे उकळून गायब होणारे भामटे सर्वांना ठाऊक असतात. हा मात्र माल पाठवतो, बिल पाठवतो, फोन उचलतो आणि तरीही प्रत्येक पायरीवर फसवतो. त्यामुळे त्याची पद्धत सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

माझे घर गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या आगरात आहे आणि हापूसची कलमे वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठारावर आहेत. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत राखणीच्या माणसाला दिवसातून अनेकदा वर-खाली करावे लागते. एसटीची वेळ जुळत नाही, आणि साध्या सायकलीवरून तो चढ पायडल मारून चढणे पन्नाशी उलटलेल्या माणसाला झेपत नाही. छोटे इंजिन आणि त्यावरून मागच्या चाकाला स्वतंत्र चेन, अशी जोडणी केलेली सायकल या कामासाठी योग्य ठरेल, असे आम्हाला वाटले. माझा भाचा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून चिपळूणला एका गॅरेजमध्ये काम करतो. किट मिळाल्यास ते बसवून देण्याची जबाबदारी त्याने घेतली होती.

विक्रेत्याने स्वतःचा पत्ता पुण्याचा सांगितला. बोलणे अत्यंत नम्र होते. प्रत्येक वाक्यात ‘काका’ असे. इंजिन ८० सीसीचे आहे, सायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते आणि रत्नागिरीच्या एका ग्राहकाने ती घाटात चालवली आहे, असे सांगून त्याने त्या ग्राहकाची म्हणून एक चित्रफीत पाठवली. पासिंगविषयी विचारल्यावर तो म्हणाला, “काका, पन्नास सीसीच्या आत सरकारने सूट दिली आहे. बिलावर आम्ही ४९ सीसीच लिहितो.” म्हणजे एकच इंजिन जाहिरातीत ८० सीसीचे होते आणि बिलावर ४९ सीसीचे. या विसंगतीबद्दल विचारले असता ‘ती कंपनीची कागदोपत्री पद्धत आहे’ असे उत्तर मिळाले.

ठरलेली किंमत १३,५०० रुपये होती. बुकिंगचे ४,००० घेतल्यावर, माल बांधून तयार आहे असे छायाचित्र पाठवून उरलेले ९,५०० मागण्यात आले. ते दिल्यावर १८ टक्के जीएसटीचे २,४३० वेगळे निघाले, आणि त्यानंतर वाहतुकीच्या विम्याचे १,८०० ‘परत मिळणारी रक्कम’ म्हणून मागितले गेले. पूर्ण किंमत घेतल्यानंतरची प्रत्येक मागणी आधी दिलेल्या रकमेपेक्षा लहान असते आणि ती न दिल्यास आधीचे सर्व पैसे अडकतात, अशी ही रचना आहे. ती योगायोगाने होत नाही. एकदम १७,७३० रुपये मागितले असते, तर बहुतेक ग्राहकांनी तेथेच नकार दिला असता.

पार्सल चिपळूणच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात आले. खोके उघडताच भाच्याने पहिल्यांदा इंजिनावरच्या रंगाकडे बोट दाखवले, कारण रंग नटांच्या खाचांतही उतरलेला होता. अशा छोट्या इंजिनाचे भाग जोडून झाल्यावर कारखान्यात नटांसह सरसकट रंग सहसा मारत नाहीत. त्याने सिलिंडरच्या हेडचे चार नट काढले. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर होता, आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोटाला जाणवतील असे उभे ओरखडे होते. ते इंजिन पूर्वी भरपूर चाललेले होते, आणि बहुधा पेट्रोलमध्ये पुरेसे तेल न घालता चालवलेले होते. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेलच त्याच्या पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण पुरवते, म्हणून लिटरमागे साधारण ५० मिलिलिटर तेल घालावे लागते. ग्रास कटर वापरणारा आपल्याकडचा प्रत्येक बागायतदार हे जाणतो. विक्रेत्याने मात्र फोनवर ‘साधे पेट्रोल घाला, काही होत नाही’ असे निःशंकपणे सांगितले होते. आता माझी खात्री आहे की हा सल्ला अज्ञानातून आलेला नाही. साध्या पेट्रोलवर इंजिन थोड्याच वेळात जाम होते, आणि मग ‘तुम्ही चुकीचे वापरले, वॉरंटी गेली’ असे म्हणायला तो मोकळा राहतो.

त्यानंतर भाच्याने व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेण्याचे उपकरण लावले. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर भरला आणि पिस्टनची वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची चाल ३८ मिलिमीटर. घनफळ काढायला शाळेतले गणित पुरते. व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला ०.७८५ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला पुन्हा चालीच्या सेंटिमीटरने गुणावे. ४.७ आणि ३.८ या आकड्यांवरून उत्तर जवळजवळ ६६ घन सेंटिमीटर, म्हणजेच ६६ सीसी येते. म्हणजे ते इंजिन ८० सीसीचेही नव्हते आणि ४९ सीसीचेही नव्हते. चौकशीअंती असे समजले की या जातीच्या परदेशी किटमध्ये ६६ सीसीचे इंजिन ‘८०’ म्हणून विकण्याचा प्रघात जुना आहे, आणि ४८ सीसीच्या आसपासचे जे लहान इंजिन येते त्याचा व्यास ४० मिलिमीटर असतो. एक व्हर्नियर आणि चार नट यांच्या आधारे ही लबाडी उघडी पडते, हे प्रत्येक इच्छुकाने लक्षात ठेवावे.

वेगाचा दावाही असाच तपासता येतो. या इंजिनाचे सुमारे ४.१ फेरे झाले की आतल्या गिअरमुळे बाहेरचे लहान स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, एकदा फिरते; ते १० दात्यांचे आणि मागच्या चाकावरचे ४४ दात्यांचे असते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे १८ फेरे होतात. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास येतो. ६० गाठण्यासाठी ८,७०० फेरे लागतील, आणि हे साधे इंजिन सड्याच्या चढावर ओझे घेऊन तेवढे फेरे कदापि घेणार नाही.

सुट्या भागांचीही तीच गत होती. मागचे मोठे स्प्रॉकेट दोन रबरी चकत्यांमध्ये स्पोक धरून नऊ बोल्टांनी आवळायचे असते, आणि ती नऊ भोके ३६ स्पोकच्या चाकासाठी आखलेली असतात. आपल्याकडच्या पारंपरिक काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० आणि पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात. त्यामुळे बोल्ट स्पोकवर येतात, स्प्रॉकेट मध्यावर बसत नाही, आणि चाक फिरताना चेन कधी ताणली जाते तर कधी सैल पडते. माझ्या सायकलीची छायाचित्रे विक्रेत्याने आधीच मागवून घेतली होती आणि ‘शंभर टक्के बसेल’ असे लेखी कळवले होते. चेन तर चक्क साध्या सायकलीची निघाली. किटची ४१५ क्रमांकाची चेन आणि सायकलची चेन या दोन्हींच्या कड्यांतले अंतर अर्धा इंचच असते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही; परंतु ४१५ ची आतली रुंदी ३/१६ इंच असते आणि सायकलच्या चेनची १/८ इंच. जाड दात्यांवर ती अरुंद चेन नीट बसत नाही. जोर लावून बसवलीच, तर उतारावर ती तुटून मागच्या चाकात अडकण्याचा धोका आहे. आपल्या घाटीवर, एका बाजूला जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला खोल आगर असताना, दांडी ब्रेकच्या सायकलीवर असे घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला अधिक संताप आहे.

‘पासिंग नको’ हा दावा तर सर्वांत घातक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून चारपेक्षा कमी चाकांचे तेच वाहन वगळले आहे ज्याच्या इंजिनाची क्षमता २५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही. मर्यादा पंचवीसची आहे, पन्नासची नाही. पन्नास सीसीचा उल्लेख कायद्यात येतो तो चालकाच्या वयासंदर्भात, की सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला तेवढ्या क्षमतेची मोटारसायकल परवाना काढून चालवता येते. विक्रेते या दोन तरतुदींची हेतुतः सरमिसळ करतात. १९७२ साली बाजारात आलेली लूना पन्नास सीसीची होती, तिला पायडलही होते, तरी तिला नंबर घ्यावाच लागत असे, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ६६ सीसीच्या सायकलीला कलम ३९ प्रमाणे नोंदणी आणि कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. मात्र अशा घरगुती जोडणीला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आरटीओ तिची नोंदणी करू शकत नाही. म्हणजे सायकल उत्तम जुळली असती, तरी सार्वजनिक रस्त्यावर ती कायदेशीर ठरली नसती. तिच्या धक्क्याने कोणी जखमी झाल्यास भरपाईचा सारा बोजा मालकावर आला असता.

तक्रार केल्यावर त्याच विक्रेत्याने ‘इंजिन परत पाठवा, त्याऐवजी १,००० वॅटचे विजेचे किट देतो, त्यालाही पासिंग नाही’ असा प्रस्ताव ठेवला. विजेच्या सायकलीला मिळणारी सूट २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनापुरती आहे. हा प्रस्ताव नाकारल्यावर परताव्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तो कोड मी न वापरता तसाच जपून ठेवला.

बिलाची तपासणी भाच्याने केली. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, आणि महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे. पुण्याचा पत्ता छापलेल्या आमच्या बिलावरील क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या संकेतांकाने सुरू होत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो शोधला असता असा क्रमांक अस्तित्वातच नसल्याचे दिसले. जीएसटी म्हणून घेतलेले २,४३० रुपये सरकारकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. रत्नागिरीच्या ग्राहकाची म्हणून दाखवलेली चित्रफीतही दुसऱ्याच कोणाची होती. मूळ चित्रफीत परदेशातली असून तिच्यावर मराठी आवाज चढवलेला होता.

मी १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवले आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला. १९३० वर जितक्या लवकर कळवावे, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून पुण्याला किंवा दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही. माझी तक्रार रत्नागिरीच्या आयोगाकडे दाखल होत आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

असेच पार्सल ज्यांच्याकडे आले असेल, त्यांनी इंजिन सुरू करून पाहू नये आणि विक्रेत्याच्या सांगण्यावरून ते परतही पाठवू नये. खोके, त्यावरची पाठवणाऱ्याची चिठ्ठी, ट्रान्सपोर्टची पावती, बिल, व्हॉट्सअॅपवरचे सर्व संभाषण आणि प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जतन करावा. हेड उघडायचेच असेल, तर दोन साक्षीदारांसमोर उघडावे आणि व्हर्नियरचे माप दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे.